कोसळलेला मांडव आणि व्याह्यांचं हिरवं कार्ड

नागपूरला जायचं ठरलं ते सरपंचामुळे. "आजी, आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण हाय. दहावी पास माणूस पाठवा लागते." मी चौथीत शाळा सोडलेली. म्हटलं, "उन्हानं पडलेला माणूस मार्कशीट मागते का गा?" आमच्या गावाहून दवाखाना लांब. ॲम्बुलन्स येईस्तोवर सगळे नुसते गोल करून उभे राहतात. पास होणाऱ्याच्या गावाला स्ट्रेचर आणि औषधांची पेटी मिळणार होती. दहावी पास एकही जण तयार होईना. मग गेले मीच.

उमरेडहून एसटी घ्या. बायांना अर्धं तिकीट आहे, लाजू नका. उन्हाळ्यात सकाळचीच गाडी बरी. दुपारी खिडकीतून हवा येत नाही, तव्याची वाफ येते. मी नागपूरच्या कडेला, बेसाला भाचीकडे उतरले. तिथं इतक्या नव्या इमारती झाल्यात की भाचीच चुकीच्या गेटात शिरली. तिथून सिटी बसनं सीताबर्डी. प्रशिक्षण केंद्राच्या गल्लीत तर्री-पोहे खाल्ले. तुम्हीही खा, पण नंतर वर्गात बसायचं असेल तर एकच प्लेट.

शिकवणारी डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची, जीभ मात्र माझ्यासारखी. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. मग रंगीत कार्डं दाखवली. लाल म्हणजे याला आधी न्या. पिवळं, हा थांबू शकतो. हिरवं, हा चालू शकतो. काळं म्हणजे गेला. सोपं वाटलं.

त्याच वर्गात व्याही भेटले, माझ्या धाकट्या लेकीचे सासरे, त्यांच्या गावातर्फे आलेले. मी सवयीनं पदर सावरला.

दुसऱ्या दिवशी मैदानात सराव. लग्नाचा मांडव कोसळलाय असं धरायचं. वर्गातले निम्मे लोक जखमी बनले, त्यात व्याही, मनगटाला लाल रंग फासून. कोपऱ्यात वर्ध्याकडची एक पोरगी बेशुद्ध पडलेली. शिटी वाजली तसे व्याही गरजले, "ओ विहीणबाई! आधी इकडं या!"

आणि मी गेले. लग्नाचा मांडव आणि व्याह्यांची हाक, पाय दुसरीकडे वळतात कुठं? पट्टी बांधली, पदरानं वारा घातला, घरचे सगळे बरे आहेत ना, तेही विचारलं. तोवर डॉक्टरणीनं त्या पोरीच्या छातीवर काळं कार्ड ठेवलं. "आजी, हिचा श्वास चालू होता. तुम्ही आलाच नाहीत."

"मांडवात व्याह्याले सोडून जाता येते का?"

"मग मांडवात माणसं मानपानानं मरतील."

झोंबलं. म्हटलं, "पुन्हा घ्या परीक्षा."

"वेळ नाही, आजी."

"मंग मी बसते इथंच उन्हात. पडली की माह्यावरच शिकवा सगळ्यायले."

तिनं कपाळाला हात लावला आणि शिटी उचलली.

या वेळी जागा बदलल्या, व्याह्यांचा आवाज तोच. मी मधोमध उभी राहून ओरडले, "ज्याले चालता येते त्यानं त्या झाडाखाली चाला!" चालता येणारे उठले, व्याही बसून. मी त्यांच्या खिशात हिरवं कार्ड खोचलं. "उठा व्याहीबुवा. पाय धड हायेत तुमचे."

"हा अपमान हाय, विहीणबाई!"

"हाय तर हाय. झाडाखाली बसून रागवा."

मागं विटांच्या ढिगाआड आमच्या वर्गातला एक एसटी कंडक्टर निपचित पडला होता. त्याचा श्वास चालू आहे ते पाहिलं, कुशीवर वळवलं, पाणी पाजलं नाही. लाल कार्ड दिलं. "याले आधी न्या!"

पास झाले. पेटी मांडीवर आणि घडीचं स्ट्रेचर पायाशी घेऊन एसटीनं परतले. आता दोन्ही अंगणवाडीत आहेत. काय शिकलीस, असं गावात जो तो विचारतो. मी सांगते, ओरडणाऱ्याला ओलांडून जायला शिकले. बाकी सगळं पुस्तकात आहे.

त्या दिवशी घरी पोचते न पोचते तोच धाकट्या लेकीचा फोन. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. "आई, मामाजी जेवले नाहीत. म्हणतात, तुह्या आईनं चारचौघांत उठवलं. यंदा मले माहेरी पाठवत नाहीत आता. काहून केलं वं असं?"

"एक माणूस निपचित पडून होता म्हणून."

ती हळूच म्हणाली, "त्या मांडवात मी असती तर मलेबी ओरडता आलं नसतं."

"माहीत हाय मले," मी म्हटलं. "आता फोन दे तुह्या मामाजीले."