मराठीतला ऑफ

आमच्या उचगावात ललिताआक्काएवढी खमकी बाई मी बघितली न्हाय. नवरा लवकर गेला, तवापासनं फौंड्रीत वाळू चाळून तिनं एकुलत्या एका पोराला, प्रसेनजीतला, आयटीआय केलं. ते मद्रासला कंपनीत लागलं आणि दर सोमवारी, फौंड्री बंद असायची त्या दिवशी, आक्का माझ्या एसटीडी बूथवर यायला लागली. नंबर मी लावायचा, इंग्लिशबी मीच बोलायचं, कारण तिकडं फोन उचलणाऱ्या माणसाला ना मराठी ना हिंदी. माझं इंग्लिश बारावी नापासाचं! पण गल्लीत मीच साहेब.

अठ्ठ्याण्णव साली एका सोमवारी तिकडचा माणूस म्हणाला, "प्रसेनजीत? ही इज ऑफ." आणि फोन ठेवला.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आपल्यात काय म्हणतात? अमक्याचा म्हातारा ऑफ झाला, तमक्याची आई ऑफ झाली. मेला म्हणायला जीभ रेटत न्हाय, मग इंग्लिश पुढं करायचं. तसलाच ऑफ मी धरला आणि आक्काला सांगून बसलो. "माझं लेकरू रं!" म्हणत ती जाग्यावरच खाली बसली. गल्ली गोळा झाली. कुणीतरी पोराच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, ती आक्कानं फुंकून टाकली. "मी डोळ्यांनी बघितल्याबिगार लावायची न्हाय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूथवर फोन वाजला. "जयसिंगमामा, काल आईनं फोन केलता व्हय? मला सुट्टी हुती."

मी चप्पल न घालताच आक्काकडं पळालो. आधी ती पोटभर रडली, मग भर चौकात माझ्या मुस्काटात दिली. मी गप खाल्ली. चुकलंच हुतं की माझं.

"आता नीट शिकव," म्हणाली. "ऑफ म्हंजे काय?"

"सुट्टी, आक्का. आज सुट्टी, उद्या कामावर हजर."

तिनं ते पाठच केलं. नळाला पाणी न्हाय, की नळ ऑफ. शेळी दूध देईना, की शेळी ऑफ. "उद्या हजर हुतीया बघ," म्हणायची आणि माझ्याकडं बघून हसायची. तीन वर्षं बाईनं मला असंच चिडवलं.

दोन हजार एक साली, असाच सोमवार, दुपारी फोन आला. प्रसेनजीतच्या खोलीत राहणारा चंदगडचा केरबा बोलत हुता. "मामा, आपला प्रसेनजीत ऑफ झाला. क्रेनची साखळी तुटली."

"सुट्टी न्हवं रं? सुट्टीच असंल की! नीट सांग!" मी त्याच्यावर वरडलो. पोरगं हमसून रडायला लागलं. "न्हाय हो मामा. मी दवाखान्यातच हाय. मी बघितलं त्याला."

चार वाजता आक्का आली. नवी साडी नेसून. "लाव नंबर. राधानगरीची पोरगी बघितलीया त्याच्यासाठी. आज हो म्हणवूनच घेते."

मी रिसिव्हर उचलला आणि रडतच परत ठेवला. शेवटी तोंडातनं एवढंच निघालं, "आक्का, प्रसेनजीत ऑफ..." आग लागो माझ्या जिभेला, तवाबी इंग्लिशच आडवं आलं!

"मग रडतोस कशाला, येड्या? उद्या हजर हुईल की."

"आक्का, ह्यो तसला ऑफ न्हाय."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. काउंटर घट्ट धरला. "परत इचार. तुझं इंग्लिश कच्चं हाय, जयसिंगा. मागंबी चुकलतास तू."

"कच्चंच हाय, आक्का. पण ह्या बारीला केरबा बोलला. मराठीत बोलला."

तिनं हात उगारला. मी गाल पुढं केला, डोळं मिटलं. मार आक्का, मार, मी चुकलोय म्हणून मार, असं मनात म्हणत हुतो.

तिनं मारलं न्हाय.