गुलाबाच्या बुंध्याची गाठ

कोल्हापुरात जंतूंची बाजू घेऊन भांडणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. आयुष्यभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे मामा कुणाच्याही घरी गेले की आधी कुंडीतलं रोप उपटून मुळं बघतात, मग माणसांची विचारपूस करतात. बिद्रीजवळ एकदा ते अनोळखी शेतात शिरले आणि उसाची मुळं उकरून मालकालाच सांगू लागले, "ही बारीक मुळं कुणी फुटवली, ठाऊक हाय? जंतूंनी! झाडाच्या वाढीचं संप्रेरक ते सोताच तयार करून मुळाला देतात. मूळ पसरतं, साखर पाझरवतं, ती हे खातात." मालक शांतपणे म्हणाला, "व्हय पावणं, आणि खत मी उगंच घातलं की!"

गेल्या वर्षी मंगळवार पेठेतल्या आमच्या अंगणात गुलाबाच्या बुंध्याला लिंबाएवढी गाठ आली. शेजारच्या काकूंनी करणीचं निदान केलं, बायकोचा संशय वरच्या मजल्यावरच्या माझ्या वहिनीवर गेला आणि एका घरातल्या दोघी जावा बोलेनाशा झाल्या. शेवटी मी मामांना बोलावलं. ते भिंग घेऊन अंगणात पालथे पडले आणि आनंदाने ओरडले, "करणी हायच, पण जंतूची! जखमेतून शिरला आणि झाडाच्या पेशीत सोताची जनुकं सोडली. आता झाडच बेसुमार संप्रेरकं बनवतंय, गाठ वाढतीय, आणि गाठीत जंतूचं जेवण शिजतंय. झाडाला वाटतंय, आपलंच काम चाललंय!" मग मान वर करून त्यांनी विचारलं, "छाटणी कुणी केली?"

छाटणी मी केली होती. मित्राच्या बागेतले असेच गाठाळ गुलाब छाटून आल्यावर, त्याच न धुतलेल्या कात्रीनं. बायको माझ्याकडे बघून खुदकन हसली आणि वर जाऊन वहिनीला हाताला धरून खाली घेऊन आली. "चुकलं माझं, ताई," ती म्हणाली. वहिनी म्हणाली, "चहा टाक आधी."

झाड मात्र मुळासकट काढावं लागलं. ते मामांनीच काढलं, फार हलक्या हातानं. चहा घेताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "तुझ्या मामीला लग्नापासून हेच सांगत आलो. ती भाजी निवडत नुसती हं म्हणायची. आज माझ्या जंतूंमुळं कुणाचं तरी भलं झालं, तर सांगायला ती न्हाय."

वहिनीनं कप खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर येऊन बसली. "मामा, मला नीट कळलं नाही. पहिल्यापासून सांगा."

मामांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला आणि उपटलेल्या गुलाबाची गाठ तिच्यापुढं धरली.