विमानाची मोटर कोणी जुळवली

माझ्या धाकट्या भावावर मी जळतो, हे आता कबूल करून टाकतो. तो नरखेडजवळच्या आमच्या गावी विहिरींवरचे पंप दुरुस्त करतो. दहावीला दोनदा आपटला. तरी घरात काही बिघडलं की माझी लेक आधी त्यालाच फोन लावते. मी, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला, नागपुरात चांगल्या नोकरीतला, समोरच सोफ्यावर बसलेला असतो.

म्हणून तिनं कॉलेजात रिमोटवर उडणारं विमान बनवायला घेतलं, तेव्हा मी आधीच जाहीर केलं, "सामान मी निवडणार." तीन आठवडे डोकं खपवलं. मोटर, बॅटरी, पुढचा पंखा आणि मोटरचा वेग सांभाळणारा छोटा कंट्रोलर, वीस अँपिअरचा. पंखा मात्र मुद्दाम एक नंबर मोठा घेतला. आमच्या गावात व्होल्टेज कमी, म्हणून सगळे गरजेपेक्षा मोठाच पंप बसवतात. मी त्याच सवयीत वाढलो. थोडं वरचं घेतलेलं बरं, असं मला मनापासून वाटलं.

सामान आलं त्याच दिवशी भाऊ बायकोला धंतोलीत डॉक्टरांना दाखवून आमच्याकडे जेवायला आला. लेकीनं सगळं त्याच्यापुढे मांडलं. असली मोटर त्यानं जन्मात पाहिली नव्हती. बोटांत फिरवून त्यानं एवढंच विचारलं, "हा पंखा लावल्यावर किती अँपिअर ओढते हे?"

लेक माझ्याकडे बघायला लागली. तो आकडा मी पाहिलाच नव्हता. "तुझ्या पंपाचं गणित इथं नाही चालत," मी म्हणालो. त्यानं हसून मोटर खाली ठेवली. मला वाटलं, जिंकलो.

जेवण झाल्यावर आम्ही गच्चीवर मोटर फळीला आवळली आणि पूर्ण वेगात सोडली. अर्ध्या मिनिटात कंट्रोलरमधून धूर निघाला. लेक पाठ फिरवून खाली गेली. ते मला फार लागलं.

भावानं मोटरच्या डब्यातला कागद उलगडला. मोठ्या पंख्याच्या ओळीत सरळ सव्वीस अँपिअर छापलेलं होतं, आणि माझा कंट्रोलर वीसचा. त्यानं मागच्या बाजूला लिहिलं: पंखा लहान, कंट्रोलर तीस अँपिअरचा, बॅटरी आहे तीच. कागद माझ्या हातात दिला.

"मी गेल्यावर तू सांग तिले, दादा."

"काहून?"

"पोरगी तुही हाय ना."

कागद परत त्याच्या अंगावर फेकायला हवा होता. मी तो खिशात घातला.

पुढच्या पंधरवड्यात नवं सामान आलं आणि एका सकाळी मैदानावर विमान उडालं. लेक किंचाळत माझ्या गळ्यात पडली. "बाबा, चूक तुम्हीच शोधून काढली!" मी मान हलवली. मग तिनं लगेच फोन लावला, स्पीकरवर.

"काका, उडालं! बाबांनी सगळं बरोबर जुळवलं."

"मंग? मले माहीतच होतं. तुहा बाप हुशारच हाय."

त्या आवाजात मी टोमणा शोधला. नव्हता. खरं सांगायला तोंड उघडलं नाही. लेक माझा हात घट्ट धरून उभी होती, आणि मी फोनमधल्या त्या माणसावर पहिल्यापेक्षा जास्त जळत होतो.