मागच्या कुंपणापलीकडची तीनशे घरं

आमच्या शहरात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचं एक ठाम मत आहे. आपण आलो तोवर गाव अगदी बेताचं होतं, आपल्यानंतर मात्र भलतेसलते लोक यायला लागले. फर्निचरच्या कारखान्यात तीन पिढ्या घालवलेले गोरे लोक आमच्याकडे बघून हे म्हणतात. आम्ही आमच्यानंतर दहा वर्षांनी आलेल्या हैदराबादच्या पोरांकडे बघून म्हणतो. ती पोरं कोणाकडे बघून म्हणत असतील ते अजून कळलेलं नाही, पण सापडेल त्यांनाही कोणीतरी.

मी अठरा वर्षांपूर्वी इथं आलो तेव्हा अटलांटा चार तासांवर होतं आणि कढीपत्ता दोन तासांवर. घर बघायला गेलो तर मागे कुंपण, कुंपणापलीकडे पाइनची झाडं आणि झाडांपलीकडे गाईंचं कुरण. एजंटबाईंनी गाई दाखवल्या आणि मी घर घेतलं. नागपुरात आमच्या फाटकाशी गाई बसायच्या तेव्हा त्यांना हाकलण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं. इथं मात्र पाहुणे आले की त्यांना मागच्या लाकडी डेकवर उभं करून मी गाई दाखवायचो, जणू काही मीच त्या पाळल्या होत्या. मग कुरणाचे मालक थकले आणि त्यांनी जमीन विकली. गाई गेल्या, लाल मातीत गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या आल्या आणि रस्त्याकडेला महापालिकेची पाटी लागली. तीनशे अपार्टमेंट्स, खाली दुकानं, जनसुनावणी दुपारी चार वाजता.

दुपारी चार ही वेळ नोकरदारांना येता येऊ नये म्हणूनच ठेवलेली असते. मी सुट्टी टाकली.

खरं तर मी पेटलोच होतो. आमच्या वसाहतीत विरोध समिती निघाली आणि तिच्यात मी पहिल्या दिवसापासून पुढे. दोन घरं सोडून एक पिकअप ट्रकवाला गोरा शेजारी राहतो. अठरा वर्षांत त्याच्याशी माझं बोलणं 'आज उकडतंय' याच्यापुढे गेलं नव्हतं. आता आम्ही एकमेकांच्या गळ्यात गळा घालून ट्रॅफिकबद्दल बोलायला लागलो. सगळ्यांनी सुनावणीला लाल टी-शर्ट घालायचे असं ठरलं. मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं, 'वेळीच जागे व्हा, नाहीतर आपलं अर्विंग होईल.' टेक्सासातल्या अर्विंगला, जिथे गल्लोगल्ली आपलेच लोक आहेत, माझा मेव्हणा राहतो. दरवर्षी मी तिकडे जातो, वडापाववर तुटून पडतो आणि परतताना दोन बॅगा भरून वाणसामान आणतो. पण अर्विंग अर्विंगमध्ये असावं, माझ्या कुंपणामागे नको, इतकी साधी माझी भूमिका होती.

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती. बाबा आदल्या वर्षी गेले, आणि मी एकुलता एक. तिने आता कायमचं इथंच राहावं असं माझ्या मनात होतं. मनात कसलं, मी तिच्या ग्रीन कार्डचे कागद भरून तयारही ठेवले होते, फक्त तिची सही बाकी होती. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं, तोवर तिला राजी करायचं होतं. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. "पाहू," म्हणायची. बत्तीस वर्षं टपाल खात्यात काउंटरवर बसलेल्या बाईचं 'पाहू' म्हणजे अर्ज ट्रेमध्ये पडून राहणार, हे तिच्या मुलाला तरी कळायला हवं होतं.

नागपुरात ती दिवसातून तीनदा बाहेर पडते. सकाळी भाजी, अकराच्या सुमाराला बँक किंवा बँकेचं निमित्त, संध्याकाळी देऊळ, आणि तिन्ही वेळा मिळून दहाबारा लोकांची खबरबात. इथं आम्ही दोघं नवराबायको आठला निघायचो आणि सहाला यायचो. मधल्या वेळात आई काय करते हा प्रश्न मी एकदा विचारला होता. "घर पाहते," ती म्हणाली. मला वाटलं, तिला घर आवडलंय.

एकदा ती डेकवर उभी राहून खुंट्यांकडे बघत होती.

"तिकडे काय होऊन राहिलं आहे रे?"

"अपार्टमेंट्स. तीनशे. होऊ देणार नाही आम्ही."

"आणि खाली?"

"दुकानं. ग्रोसरी वगैरे. फूटपाथ काढणार म्हणे आपल्या वसाहतीपर्यंत. म्हणजे कोणीही उठून इकडे चालत येणार."

"चालत," आई म्हणाली, आणि आत जाऊन तिने चहा टाकला. मी पुन्हा टी-शर्टांच्या मापांची यादी करायला लागलो.

सुनावणीला जास्तीत जास्त माणसं दिसली पाहिजेत असं समितीचं म्हणणं होतं. खुर्च्या भरण्याचं शास्त्र आपल्याला कोणी शिकवायला नको. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला ऑफिस आहे, आणि नसतं तरी तुझ्या तमाशात मी नाही." तेव्हा मी आईला गाडीत घातलं. साडीवर लाल टी-शर्ट चढवायला तिने साफ नकार दिला, म्हणून तिने लाल काठाची साडी नेसावी अशी तडजोड झाली. दारात बोलणाऱ्यांच्या नावांची वही होती. तिच्यात मी माझं नाव लिहिलं आणि त्याखाली आईचंही ठोकून दिलं. दर माणशी तीन मिनिटं होती. मला आपल्याच घरात सहा मिनिटं हवी होती.

"मी काय बोलू?" आईने विचारलं.

"काहीही बोल. मराठीत बोल, पाढे म्हटलेस तरी चालेल. मी इंग्रजीत सांगतो त्यांना."

म्हणजे तिच्या नावावर मी माझे उरलेले मुद्दे मांडणार होतो. या युक्तीवर मी बेहद्द खूश होतो.

माझं नाव पुकारलं आणि मी माइकपाशी गेलो. इथं मला थोडं मागचं सांगायला हवं. मी सात वर्षं महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी होतो. माइक हातात आला की मला आधी मान्यवर दिसतात. अध्यक्षांना वंदन केलं, सदस्यांचे आभार मानले, महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचे मानले, जमलेल्या नागरिकांचे मानले, पोलिसाचे मानले, मग मी या शहरात कसा आलो, हे शहर मला कसं लाभलं, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लोकांचा पाहुणचार आणि आपला पाहुणचार यांत साम्य काय, असं करत मी गाईंपर्यंत पोचलो. "आता मुख्य मुद्दा ट्रॅफिकचा," असं म्हणालो आणि लाल दिवा लागून घंटा वाजली. पिकअपवाल्या शेजाऱ्याने कपाळावर हात मारला. मंडळात मला एवढ्यात कोणी खाली बसवलं नसतं.

तरी मी घाबरलो नाही. पुढचं नाव आईचंच होतं.

आईला घेऊन परत माइकपाशी आलो आणि समोरच्या टेबलाकडे माझं लक्ष गेलं. आराखडा मांडणारी महापालिकेची प्लॅनर तिथे बसली होती, आणि ती आपलीच होती. मंडळाच्या गणपतीत लहान मुलांच्या नाटकात दोन वर्षं झाड झालेली मुलगी. डॉक्टर झाली नाही म्हणून तिच्या आईबापांनी सुतक पाळलं होतं. ती मराठी बोलते अमेरिकन, पण कळतं सगळं. तिने माझ्याकडे बघून हात जोडले, "नमस्ते, काका." आता आई जे बोलेल तेच मला सांगावं लागणार होतं.

आईने माइक जरा खाली ओढला. आभार वगैरे काही मानले नाहीत.

"मी नागपूरची. वय बहात्तर. माझ्या मुलाचं घर चांगलं आहे, पाच खोल्या नुसत्या निजायच्या आहेत."

मी सांगितलं. लोक हसले. मीही हसलो.

"हे दोघं आठला जातात, सहाला येतात. तोवर मी एक शब्द बोलत नाही. दार उघडून पाहते तर रस्ता आहे, पण रस्त्यावर माणूस नाही. गाड्या जातात, काचा वर असतात."

हे मी जरा हळू सांगितलं.

"दूध संपलं तर मुलाची वाट पाहावी लागते. नवरा गेला तेव्हाही मी दुधासाठी कोणाची वाट पाहिली नाही. मुलगा माझा चांगला आहे. मी इथंच राहावं म्हणतो. पण राहावं म्हणजे कुठे, ते त्याला समजत नाही. मागे दुकान होणार, तिथवर पायी जायला रस्ता होणार, असं तो मला रागाने सांगतो. मला तर ऐकून बरं वाटलं. लवकर करा."

काउंटरवर बसून तिने आयुष्यभर लांबण लावणारे लोक ऐकले होते. दीड मिनिटात तिचं झालं. 'मुलगा माझा चांगला आहे' हे वाक्य भर सभेत इंग्रजीत सांगताना मला पाणी मागावं लागलं. प्लॅनर मुलगी खाली मान घालून कागद सरळ करत होती.

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत विचारलं, नोंदीसाठी हवं आहे, तुमच्या मातोश्री बाजूने आहेत की विरोधात? मी तोंड उघडण्याआधी आई माइकमध्ये म्हणाली, "आय अ‍ॅम फॉर."

त्यानंतर बाजूने बोलणारं दुसरं कोणीच नव्हतं, तरी प्रस्ताव मंजूर झाला. तो होणारच होता. बिल्डरचे वकील आमच्यापेक्षा चांगले कपडे घालून आले होते. बाहेर पिकअपवाल्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुझी आई फार गोड आहे," तो म्हणाला. इकडचे लोक संतापले की असंच बोलतात. पुढे वर्षभर तो उकाड्याबद्दलही बोलला नाही.

कॉरिडॉरमध्ये प्लॅनर धावत आली आणि आईच्या पाया पडली. "आजी, तुम्ही सो गुड बोलल्या."

"किती दिवस लागतील ग, दुकानाला?"

"ग्रोसरी फेज टूमध्ये आहे, आजी. मेबी तीन वर्षं."

आईने मान हलवली. टपाल खात्यात तिने याहून मोठे आकडे शांतपणे ऐकले असतील.

गाडीत मी तोंड सोडलं. चारचौघांत माझं नाक कापलंस, तुला एकटं वाटत होतं तर घरात सांगायचं, मायक्रोफोनवर कशाला. आई खिडकीबाहेर बघत होती. कुरणाच्या जागेपाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "थांबव. मी इथून चालत येते."

"फूटपाथ नाहीये, आई."

"पाय आहेत."

तिने दार उघडलंच. मी गाडी गवतात घातली, दिवे लुकलुकत ठेवले आणि तिच्यामागे निघालो. रस्त्याच्या कडेने हातभर गवत, पलीकडे खड्डा. अठरा वर्षांत मी माझ्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एकदाही चाललो नव्हतो. चढ आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. एक बाई गाडी हळू करून काच खाली घेत म्हणाली, गाडी बंद पडली का, मदत हवी का? नाही, आम्ही चालतोय, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. पुढे जाऊन ती आरशातून बघत राहिली.

"तीन वर्षं," आई चालता चालता म्हणाली. "तोवर मी काचेतून पाहून राहू का? मी जाते रे. तिकडे माझे पाय चालतात तोवर तिकडेच बरी. तू वाईट वाटून घेऊ नको."

मला वाईट वाटलं. राग होता तोवर बरं होतं. ऑक्टोबरात ती गेली, आणि सही न केलेले कागद मी फाडले.

आता ती तीनशे घरं उभी आहेत. आमची संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ, तेव्हा मी नव्या फूटपाथवरून फोन समोर धरून चालतो आणि ती भाजी निवडत बघते. दुकान नुकतंच उघडलंय. समोर बाक टाकलेत. ती पंचाहत्तरीची झाली, गुडघे गेलेत, विमानात बसवत नाही. लवकर उघडलं असतं तर, असं मी म्हणत नाही. मी तर ते होऊच नये म्हणून लढलो होतो.

परवा एका बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. साडी, पायात मोठे बूट, मांडीवर दुधाचा कॅन. मुलाकडे हैदराबादहून आलेली, वरच्या मजल्यावर राहणारी. आई फोनमधून म्हणाली, "बोल ना तिच्याशी, ती एकटी बसून राहिली आहे." मी मोडक्या हिंदीत बोललो आणि फोन तिच्यासमोर धरला. दोघी बराच वेळ गुडघ्यांबद्दल बोलल्या. बाई सरकून बसली, बाकावर जागा केली आणि मला विचारलं, "माँ इधरीच रहती क्या?"

फोनमधून आईच म्हणाली, "रहनेवाली थी, बहन."