हिरवळीवरची पायपुसणी

गल्लीत सगळे तिला पाठीमागे ‘पायपुसणं वहिनी’ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. पुढच्या दाराशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, न्हाणीघराबाहेर, मागच्या दाराच्या आत, असा काथ्याच्या पायपुसण्यांचा कडक बंदोबस्त तिने घरभर ठेवला होता. पाहुणा पाय पुसत पुसत बैठकीपर्यंत पोचला, की आपण कशासाठी आलो तेच विसरतो, असं तिचा नवरा म्हणायचा. तो बसच्या आगारातला निवृत्त मिस्त्री. काळ्या नखांवरून त्याने जन्मभर बोलणी खाल्ली होती.

वहिनीचा खरा दावा होता मागच्या अंगणाशी. एकीकडे उंच भिंत, मध्ये डेरेदार झाड, त्यामुळे ऊन म्हणून पडायचं नाही. दोनदा गवताचं बी पेरून झालं. उगवलं, पिवळं पडलं, गेलं. मागे राहिला चिखल. आणि त्या चिखलातून दिवसभर ये-जा करायचा घरातला कुत्रा. पिल्लू असतानाच त्याच्या कपाळाला आठ्या होत्या, म्हणून त्याचं नाव ‘म्हातारा’ पडलं, आणि आता तो खरोखरच म्हातारा झाला होता. मागच्या दारातून भिंतीच्या कडेने, झाडाला वळसा घालून कोपऱ्यातल्या पाण्याच्या भांड्यापर्यंत त्याने आपली पायवाट पाडली होती. ती सोडून तो जरा इकडेतिकडे जात नसे.

“बघ, कसा शिस्तीचा आहे,” नवरा कौतुकाने म्हणायचा.

“शिस्तीचा आहे, तर पाय पुसून का येत नाही?”

अखेर वहिनीने कुठेतरी ऐकलं, की खास कुत्र्यांसाठी कृत्रिम गवत मिळतं. मुताचं पाणी खाली झिरपून जातं, वरून नळी मारली की स्वच्छ.

“प्लास्टिकचं गवत!” नवरा म्हणाला. “उद्या प्लास्टिकचा नवरा आणशील.”

“मिळाला तर बघते. निदान नखं तरी स्वच्छ असतील.”

गवतवाला आला. सावलीत ओल सुकत नाही, नुसत्या मातीवर अंथरलं तर कुबट वास मारेल, म्हणून त्याने वरची सगळी माती खरवडून काढली, बारीक खडी पसरली, धुमसाने ठोकून बसवली, गटाराच्या बाजूला उतार दिला. मग गवताची गुंडाळी उलगडली, झाडाच्या बुंध्याभोवती गोल कापली, कडा खिळ्यांनी ठोकल्या. काम चालू होतं तोवर म्हाताऱ्याला पुढच्या खोलीत बांधून ठेवलं होतं.

अंगण असं हिरवंगार दिसलं, की वहिनीने मनोमन देवाला हात जोडले. आनंदाच्या भरात तिने घरातली सगळी पायपुसणी गोळा केली, पोत्यात कोंबली आणि फरशी लख्ख पुसून काढली. चिखलच नाही, तर यांचं काय काम?

“तुझी तब्येत बरी आहे ना?” नवऱ्याने घाबरून विचारलं.

मग म्हाताऱ्याची साखळी सोडली. तो निघाला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपटला. दोघं हसली. मागच्या दाराची पायरी चुकून तो तोंडावर पडला, तेव्हा हसू थांबलं. तो उठला, नाक खाली घालून हुंगत राहिला, एक पाय उचलून तसाच थबकला. मग चालू लागला तो सरळ भिंतीवर. वळला तो झाडावर. शेवटी अंगणाच्या मध्ये अंग चोरून बसला आणि थरथरू लागला.

वहिनी धावली. हातातलं फडकं तिने त्याच्या डोळ्यांसमोर हलवलं. पुन्हा हलवलं, अगदी नाकाजवळ. पापणीसुद्धा लवली नाही.

“अहो, याला दिसत नाहीये!” ती म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून डोळे तपासले. “दोन्ही गेलेत. आजकालचं नाही हे. वर्ष तरी झालं असेल.”

“शक्यच नाही!” वहिनीचा आवाज चढला. “माझ्या घरात एक केस पडला तरी मला दिसतो!”

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी पिशवीत टाकली. निघताना एवढंच म्हणाल्या, “त्याला चालतं ठेवा. या वयात भिऊन एका जागी बसला, तर पुन्हा उठायचा नाही.”

आणि म्हातारा बसलाच. पाण्याचं भांडं पुढ्यात ठेवलं तरी तोंड फिरवी. उचलून बाहेर नेलं, की पोटाशी पाय घेऊन बसे. संध्याकाळी वहिनी देवापुढे बसली, पण ओठांवर नावच येईना. वर्षभर! मुकं जनावर अंधारात चालत होतं आणि आपण फरशीवर त्याच्या पंजांचे ठसे मोजत त्याच्यावर ओरडत होतो!

“गवत उपटून टाकू का?” नवऱ्याने दारातून विचारलं.

“वाट थोडीच परत येणार आहे? माती गाडी भरून गेली.” ती बोलता बोलता थांबली. “अहो, पण घरात कुठे होती पायवाट? घरात तो कसा फिरायचा?”

नवरा रिकाम्या, चकचकीत उंबऱ्याकडे बघत राहिला. तीही बघत राहिली. मग दोघं एकदमच पोत्याकडे धावली.

पहिलं पायपुसणं तिने म्हाताऱ्याच्या पुढच्या पायांखाली सरकवलं. त्याने काथ्या हुंगला. पंजा टेकवला, दुसराही टेकवला. पुढचं पायपुसणं नाकाला लागलं तसा तो उठला आणि अडखळत मागच्या दारापर्यंत आला. तिथे पायपुसणी संपली.

वहिनी पदर खोचून शेजारी गेली. “तुमच्याकडे काथ्याची पायपुसणी असतील तेवढी द्या.”

“तुम्हाला? पायपुसणी?” शेजारणीचा आ वासला. “थांबा, झटकून तरी देते.”

“राहू दे. तशीच द्या.”

गल्लीतून गोळा केलेली मळकी, फाटकी, उसवलेली पायपुसणी तिने त्या कोऱ्या हिरवळीवर एकापुढे एक मांडली. भिंतीच्या कडेने, झाडाला वळसा घालून, थेट कोपऱ्यापर्यंत. वळणाचा अंदाज घ्यावा लागला नाही. रोज शिव्या घातलेली वाट तिला तोंडपाठ होती.

म्हातारा पायरीवर बराच वेळ उभा राहिला. मग एकेक पायपुसणं चाचपत निघाला. झाडापाशी वळला. कोपऱ्यात पोचला आणि लपलप पाणी प्यायला लागला.

नवरा पायरीवर बसून डोळे पुसत होता. वहिनी त्याच्या शेजारी टेकली आणि खांद्यावरचं फडकं त्याच्या तोंडासमोर हलवलं.

“अगं, मला दिसतंय!”

“असू दे,” ती म्हणाली आणि पुन्हा एकदा हलवलं.