गाडीची जुनी चाल

कारंज्याला हायवेवर ढाब्याच्या बाजूला टिनाचं शेड आहे, तिथे तो बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. हातात मावणारं एक यंत्र तो स्टिअरिंगखाली जोडतो आणि गाडीच्या इंजिनाला, गिअरला नव्यानं चालायला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं माझी गाडी तेज करून दिली. तेव्हा रोजच्या नागपूर–अमरावती फेऱ्यांत कोणी पुढे गेलेलं मला खपत नसे. आता गाडी धावते, पण माझ्यानं तिच्यासोबत धावणं होत नाही.

परवा गेलो आणि म्हटलं, "पहिल्यासारखी करून द्या."

काऊन म्हणून त्यानं विचारलं नाही. एसी, रेडिओ बंद केला. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून डोक्यावरचा दुपट्टा यंत्रावर ओढला. स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा शंभरावर जाईपर्यंत तो बोलत नाही, कोणाला दार उघडू देत नाही. मध्येच जोडणी तुटली तर गाडी जागची हलत नाही.

काम झाल्यावर त्यानं मान पुसली. "सगळ्यायच्या गाड्यायची जुनी चाल या यंत्रात जपून ठेवली मी. वापस मांगाले तुमीच पयले आले."

"मग ठेवता कशाला?"

"मानूस थकते नं साहेब, कधी तरी."

तेवढ्यात एक नवी कोरी जीप येऊन थांबली. यंत्र जोडता जोडता तो जीपवाल्याला म्हणाला, "जुनी चाल ठेवून देतो बरं, जपून."

जीपवाला हसला. दोन वर्षांपूर्वी मीही अस्साच हसलो होतो.