बरणीत पाणी मी घातलं

जीवशास्त्राच्या आमच्या सरांविषयी जुने विद्यार्थी अजून भरभरून बोलतात. शेवटी मात्र कोणीतरी आवाज खाली आणून म्हणतोच, "ते स्पिरिटचं प्रकरण सोडलं, तर माणूस सोन्यासारखा." हे वाक्य मी कित्येक वर्षं गप्प बसून ऐकलं. त्या प्रकरणातला दोषी मी आहे.

पन्नासच्या दशकात मी पुण्यातल्या एका कॉलेजात सरांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. दोघंही चिंचवडला राहायचो, सकाळी एकाच गाडीने जायचो. सर मूळचे मध्य प्रांतातले, लुथरन ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकलेले. "काय करून राहिले?" असं ते विचारत आणि मुलं पाठीमागे त्यांची नक्कल करत. बेडूक फाडायला देण्याआधी ते प्रत्येक ट्रे स्वतः तपासायचे. क्लोरोफॉर्म पुरता चढला नसेल, तर तास थांबवायचे. "त्याला घाई नाही, तुम्हाला का?" म्हणायचे. शनिवारी दुपारी धोतर खोचून पवनेत गुडघाभर पाण्यात उभे राहायचे आणि शिंपले, खेकडे गोळा करायचे.

रविवारी मात्र नदीकडे फिरकत नसत. पिंपरीत नव्या कारखान्यात कामाला आलेली त्यांच्या पंथाची आठ-दहा कुटुंबं वसाहतीतल्या एका खोलीत उपासनेला जमत. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येत. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक भाकर देत आणि त्यांच्यामागून सर द्राक्षारसाचा, म्हणजे वाइनचा, प्याला घेऊन एकेकापुढे जात. दारूबंदीचे दिवस होते. तेवढ्या एका बाटलीचाही परवाना लागे आणि तो सरांच्या नावावर होता. या सेवेबद्दल ते फारसं बोलत नसत. पण त्या रविवारच्या आदल्या दिवशी कोट इस्त्रीला टाकल्याशिवाय ते नदीवरसुद्धा जात नसत.

कॉलेजातल्या स्पिरिटलाही परवाना होता. नमुने टिकवायचं ते स्पिरिट मोठ्या काचेच्या बरणीत, कुलपाच्या कपाटात असे. नियमाप्रमाणे चावी फक्त सरांकडे. एका वर्षी मेच्या सुट्टीआधी नमुन्यांच्या बाटल्या भरून घ्यायच्या राहिल्या होत्या आणि सरांना आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या कामासाठी निघायचं होतं. त्यांनी चावी माझ्या हातात दिली. "बूच घट्ट लावा," एवढंच म्हणाले. मला गावची गाडी गाठायची होती. बाटल्या भरल्या, नरसाळं बरणीच्या तोंडात तसंच ठेवलं, कपाट लावलं आणि पळालो.

जूनमध्ये सरांच्या आधी येऊन कपाट उघडलं, तर बरणी अर्ध्यावर. उन्हाळ्यात स्पिरिट उडून गेलं होतं. मी नळाचं पाणी घालून ती सुट्टीआधीच्या पातळीपर्यंत भरली, बूच लावलं आणि सर आल्यावर चावी त्यांना परत दिली.

श्रावणात दारूबंदी खात्याचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. त्यांनी बरणीत मोजायची काचेची नळी सोडली. जितकी बुडायला हवी होती तितकी ती बुडाली नाही. इन्स्पेक्टर हसले.

"पाणी घातलंय, मास्तर. प्यायचं आणि वर पाणी ओतायचं, आम्हाला काही नवीन नाही. चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," सर म्हणाले.

"आणखी कोणाकडे?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जबाबदारी माझी आहे," म्हणाले.

खटला झाला नाही, पण प्राचार्यांनी चावी काढून घेतली. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, "अहो, यांच्यात देवासमोरच पितात. प्रयोगशाळेचं काय घेऊन बसलात!" सगळे हसले. मीही हसलो.

मी बोललो तर सरांनी नियम मोडून चावी दिली हेही उघड होईल, म्हणजे नुकसान त्यांचंच, असं मी स्वतःला समजावलं. तो विचार मला फार सोयीचा होता.

पुढचं मला सरांच्या पत्नीने सांगितलं. बाजारात त्या मनुका घेत होत्या. "आता हेच उकळून प्याल्यात घालतात," म्हणाल्या. सरांनी द्राक्षारसाचा परवाना स्वतःहून परत केला होता. ज्याच्यावर दारूचा संशय आहे त्याने प्याला धरू नये, असं त्यांनी मंडळीला सांगितलं होतं. लोकांनी विनवलं, पण सरांनी ऐकलं नाही.

त्या रविवारी सगळं सांगायचंच असं ठरवून मी पिंपरीला गेलो. खोलीत गाणं चाललं होतं. सर सगळ्यांच्या मागे, दाराजवळच्या सतरंजीवर बसले होते. मला पाहून ते बाहेर आले.

"काय काम काढलं?"

"सर, उद्या बेडूक येणार आहेत का, तेवढं विचारायचं होतं."

मी आणखी काही बोलेन म्हणून ते थांबले होते, हे मला तेव्हाच कळलं होतं.

"येणार आहेत," ते म्हणाले. "आत या. ऊन आहे."

मी आत गेलो नाही.

दोन-तीन वर्षांनी सर नोकरी सोडून आपल्या गावाकडे गेले आणि तिकडेच वारले. मी त्याच प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. यंदा त्यांच्या मुलीचा पत्ता मिळवून तिला भेटलो आणि इथे लिहिलं आहे तेवढं सगळं सांगितलं. आता तीही आजी झाली आहे.

"बाबांनी तुमचं नाव कधी घेतलं नाही," ती म्हणाली. "पण आईला कळलं होतं. चावी कोणाला दिली होती ते तिला माहीत होतं ना. ती तुमच्यावर शेवटपर्यंत रागावलेली होती."

हे सगळं छापायला दिलं तर चालेल का, असं मी विचारलं.

"द्या. पण बाबांना बिचारे करू नका. आणि तुम्हाला माफ केलं वगैरे माझ्या तोंडी घालू नका. पुढे गावी गेल्यावरही मंडळीने त्यांना पुष्कळदा सांगितलं, पण प्याला त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही. तेवढं मात्र लिहा."